परसात खेळवा छोटासा धबधबा

दिल्लीच्या सरोजिनी नगरला पूर्वी विनय नगर म्हणत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी तिथे बांधलेल्या क्वार्टर्समध्ये तळमजला मिळाला, की त्याबरोबर थोडी मोकळी जमीनही मिळे आणि कढीलिंब, अळू, गुलाब लावण्याची हौस भागे. गेल्या काही वर्षांत त्यातली बरीचशी जुनी घरे पाडून तिथे उंच इमारती उभारण्याचे काम सुरू झाले. तरीही दिल्लीत काय किंवा पुण्या-नाशकात काय, ज्यांच्या घरामागे आठ-दहा फूट जागा उरली आहे, त्यांना उन्हाळ्यात तिथे पाणी झुळझुळावे असे वाटतेच.

ही हौस दिल्लीला नवी नाही. १६४८ साली पुऱ्या झालेल्या लाल किल्ल्यातील हयात बख्श बागेत 'सावन' आणि 'भादों' अशी नावे असलेले दोन संगमरवरी मंडप समोरासमोर आहेत. श्रावण-भाद्रपदातल्या पावसाची आठवण म्हणून ही नावे. मंडपातून पाण्याची चादर खाली पडे आणि तिच्यामागच्या कोनाड्यांत दिवसा फुलदाण्या, रात्री दिवे ठेवत. पाणी यमुनेच्या कालव्यातून येई. आज तो कालवा राहिलेला नाही. घरच्या धबधब्याला असा कालवा कुठून मिळणार? तेच पाणी पुन्हा पुन्हा वर चढवायचे, म्हणजे त्यातले थोडेही मुरता कामा नये.

मिनिटाला फक्त एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी जमिनीत मुरले, तर दिवसभरात जवळजवळ २९० लिटर जाते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर रोजचे प्रमाण धरतात. दोन माणसांच्या वाट्याचे पाणी असे कुणाला न दिसता नाहीसे होते! टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत तरी ही हौस कुणाला शोभणार नाही. शिवाय मुरलेले पाणी शेजारच्या भिंतीत ओल आणते, ते वेगळेच.

पाणी अडवतो तो कागद

बहुतेक जण इथेच चुकतात. वीट-सिमेंटच्या पायऱ्या बांधतात, त्यावर दगड बसवतात आणि गिलाव्यावर भरवसा ठेवून मोकळे होतात. दिल्लीच्या जानेवारीतली थंडी आणि जूनमधले ऊन सोसताना सिमेंटला बारीक भेगा जातात. खालची भरावाची माती दबली, तर एका पावसाळ्यातच पायऱ्या कलतात.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने याचे उत्तर केव्हाच शोधले आहे. द्राक्षे-डाळिंबांच्या भागात शेततळ्यात जो जाड प्लॅस्टिकचा 'कागद' अंथरतात, तोच इथे वापरावा. ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा कागद पुरेसा होतो. तळे ६ फूट लांब, ५ फूट रुंद आणि दीड फूट खोल असेल, तर दोन्ही बाजूंची खोली आणि काठावर फूटभर जास्तीचा धरून ११ बाय १० फुटांचा कागद लागेल. अशा तळ्यात सुमारे १,२७० लिटर पाणी मावते.

तळ्यासाठी खणलेल्या मातीचाच उंचवटा करावा, पण ती थराथराने पाणी शिंपडून धुम्मसाने चांगली ठोकावी. घाई नसेल तर एक पावसाळा तशीच बसू द्यावी. खडे वेचून, दोन इंच वाळू पसरून त्यावर कागद घालावा. पाण्याच्या वाटेसाठी वेगळा तुकडा लागला, तर वरचा तुकडा खालच्यावर फूटभर यावा, जशी कौले एकावर एक येतात. उलटे झाले की पाणी सांध्यातून आत शिरलेच.

आता धबधब्याचा उंबरा, म्हणजे ज्या दगडावरून पाणी पडते तो दगड. यासाठी कोटा किंवा शहाबादी फरशीचा सपाट तुकडा चांगला. तो पुढे किंचित कललेला आणि खालच्या भिंतीपासून दोन-तीन इंच बाहेर आलेला असावा. नाहीतर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे सरकते आणि धार पडतच नाही. फरशीच्या पोटाला, कडेपासून अर्ध्या इंचावर, कटरने एक आडवी खाच पाडून घेतली, की पाणी तिथे तुटून सरळ खाली येते. खिडकीच्या छज्जाला गवंडी असेच करतात.

उंबऱ्याखालून थोडे पाणी जाणारच. त्याखाली कागद अखंड असला, तर ते कागदावरून तळ्यातच उतरते, वाया जात नाही. फक्त वर दिसत नाही. ते वर आणण्यासाठी दगड आणि कागद यांच्यामधली फट बुजवायची. दारे-खिडक्या बसवणारे कारागीर फवाऱ्याच्या डब्यातला जो फुगणारा फोम वापरतात, तो इथे उपयोगी पडतो. फोम फुगताना दगड उचलतो, म्हणून वर वजन ठेवावे. उन्हाने फोम भुगा होतो, म्हणून तो ओला असतानाच वर बारीक खडी दाबून झाकून टाकावा.

खरी गळती असते ती दोन्ही कडांना. उंबऱ्यापाशी पाणी थबकते, त्याची पातळी वर चढते आणि कागदाची कड तिथे खाली असली तर पाणी बाजूने निघून जाते. उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना कागद पाण्यापेक्षा चार इंच तरी उभा वळवावा आणि मागे माती भरून, पुढे दगड लावून तो तसाच पक्का करावा. सगळ्या कामात अधिक वेळ द्यावा, तो इथे.

कूलरचा पंपही पुरे

दिल्लीत घरोघरी असतो तो कूलरचा १८ वॅटचा पंप सुरुवातीला चालतो. तासाला हजार लिटरच्या आसपास पाणी देतो असे खोक्यावर लिहिलेले असते, पण तीन फूट उंची चढवताना ते निम्म्यावर येते. उंबऱ्याच्या दर इंच रुंदीला तासाला दीडशे-दोनशे लिटर मिळाले तर पातळ धार पडते. घसघशीत पडदा हवा असेल तर पावणेचारशेपर्यंत लागते. म्हणून छोट्या पंपावर उंबरा तीन इंचांहून रुंद ठेवू नये. काश्मीरच्या निशात बागेत मोगलांनी उतरत्या दगडावर नक्षी खोदून वाहते पाणी फेसाळते ठेवले. खडबडीत टाकीचा दगड वापरून ही युक्ती आपल्यालाही करता येते. पंपाला अर्थिंग आणि गळतीला तुटणारा ईएलसीबी स्विच असलाच पाहिजे, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. घरात लहान मूल असेल तर तळ्यावर जाळी हवी.

सगळे झाल्यावर परीक्षा घ्यावी. तळे भरून पातळीवर खडूची खूण करावी आणि पंप चोवीस तास बंद ठेवावा. मे-जूनमध्ये सेंटीमीटरभर, म्हणजे या तळ्यात २८ लिटर पाणी नुसते उन्हाने उडते. त्याहून जास्त उतरले तर तळे गळते. मग पंप चालू ठेवून तेवढाच वेळ पाहावे. आता पातळी बरीच खाली गेली, तर दोष वरच्या वाटेत आहे. ओली झालेली माती कुठे दिसते, ते पाहिले की जागा सापडते.

डासांची बाब मात्र हसण्यावारी नेऊ नये. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूचे दहा हजारांवर रुग्ण झाले आणि चारशेहून अधिक माणसे दगावली. हा रोग पसरवणारा एडिस डास घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तळ्यात गप्पी मासे सोडले तर ते अळ्या खातात. पण पायऱ्यांवरच्या छोट्या खळग्यांत मासे पोचत नाहीत. पंप रोज चालवावा, आणि गावी जाताना ते खळगे पुसून कोरडे करावेत. कुठे सिमेंट वापरलेच असेल, तर तळे दोन-तीनदा भरून, काही दिवस ठेवून रिकामे करावे. ताज्या सिमेंटमधून उतरणाऱ्या चुन्याने मासे मरतात. ते पाणी झाडांना मात्र घालू नये.