‘माजी सैनिक’ म्हटलं की ती का आठवत नाही?

‘माजी सैनिक’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? पिळदार मिशा, पहाटेचा वॉक, सोसायटीत सगळ्यांना शिस्त लावणारे काका. बरोबर ना? त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या काकूच सैन्यात असतील, हे पटकन डोक्यात येत नाही. आपण त्यांना ‘फौजीच्या मिसेस’ ठरवून मोकळे होतो.

यात गंमत वाटेल, पण सैन्यातून बाहेर पडलेल्या महिलांचे अनुभव आणि गरजा जाणून घ्यायला निघालात, तर सर्व्हे इथेच फसतो. ‘तुम्ही माजी सैनिक आहात का?’ असं विचारलं, तर पाच-सात वर्षं वर्दीत काढलेली बाईही ‘छे, आम्ही कुठल्या!’ म्हणून जाते. युद्धावर गेले नाही, पेन्शन नाही, मग मी कसली माजी सैनिक, असं तिला वाटतं. त्याऐवजी विचारा, ‘तुम्ही कधी सैन्यदलात नोकरी केली आहे का?’ आता तिला ‘हो’ म्हणता येतं.

ब्रिटनमध्ये २०२१च्या जनगणनेत असाच साधा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे साडेअठरा लाख लोकांनी ‘हो’ सांगितलं. त्यात जवळपास अडीच लाख महिला होत्या! अमेरिकेत तर माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याच्या जुन्या ब्रीदवाक्यात लढणारा ‘तो’ होता आणि बाई होती ती त्याची विधवा म्हणून. ते वाक्य बदलायला २०२३ उजाडलं.

आपल्याकडे काय? वैद्यकीय आणि नर्सिंग सेवेत महिला आधीपासून होत्याच. लष्कराच्या इतर काही शाखांत त्या अधिकारी म्हणून यायला लागल्या १९९२ पासून. सुरुवातीला मुदत पाच वर्षांची, मग वाढत वाढत चौदापर्यंत गेली. पण अधिकाऱ्याला पेन्शनसाठी साधारण २० वर्षं सेवा लागते! म्हणजे ऐन तिशी-पस्तिशीत नोकरी संपली, पेन्शन नाही आणि करिअर पुन्हा शून्यातून. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशनचा मार्ग मोकळा केला. पण त्याआधीच घरी परतलेल्या कितीतरी जणी आहेत. त्यांचं कसं चाललंय, हे त्यांनाच विचारायला हवं.

तुमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हा विषय घ्याच. अनेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय असतं, सुरुवात तिथून करा. मात्र काही गोष्टी सांभाळा.

• फक्त पेन्शनर्सच्या यादीवर थांबू नका. पेन्शन नसलेल्या जणी त्यात सापडणारच नाहीत.

• तिच्याशी एकटीशी बोला. नवरा किंवा जुने साहेब समोर असले की उत्तरं गुळगुळीत होतात.

• पाठ-गुडघ्याची दुखणी, बाळंतपण, पोस्टिंगमुळे झालेली मुलांची ओढाताण, नवी नोकरी शोधताना आलेल्या अडचणी, हे सगळं विचारा.

• छळाबद्दलचा प्रश्न नाव न घेता, शेवटी, आणि ‘उत्तर नाही दिलं तरी चालेल’ असं सांगून विचारा. मदत कुठे मिळेल याची माहिती आधीच सोबत ठेवा.

• मिळालेली उत्तरं ड्राइव्हमध्ये पडून राहू देऊ नका. कार्यालयाला नेऊन द्या.

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या एनडीएतून १७ मुलींची पहिली बॅच बाहेर पडली, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्याआधी, मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्कामधून नौदलाच्या पहिल्या अग्निवीर तुकडीतल्या २७३ मुली प्रशिक्षण पूर्ण करून निघाल्या होत्या. अग्निवीरांची नोकरी चार वर्षांची. त्यांच्यातल्या जास्तीत जास्त पाव जणांना पुढे ठेवून घेतलं जातं, बाकीच्यांना पेन्शन नाही.

म्हणजे उद्याची ‘माजी सैनिक’ तुमच्याच वयाची असेल. कदाचित तुमच्याच वर्गात, शेजारच्या बाकावर येऊन बसेल. तिला काय हवंय, हे विचारायला तेव्हा तरी उशीर करू नका.