समान गुण, समान गाड्या

मोटारींच्या शर्यतीत जय चालकाचा की यंत्राचा, असे विद्यार्थी आम्हांस विचारतात. इंग्लंडात १९५८ साली ब्रिटिश सलून मोटार अजिंक्यपदाच्या शर्यती प्रथमच झाल्या. इंजिनाच्या आकारमानानुसार गाड्यांचे वर्ग पाडून, ज्याच्या त्याच्या वर्गातील क्रमाप्रमाणे गुण दिले जात. त्यामुळे ऑस्टिन चालविणारे जॅक सीअर्स व अधिक वेगवान जॅग्वार चालविणारे टॉमी सॉपविथ यांचे गुण अखेरीस समसमान झाले. नाणे उडवून निर्णय करणे दोघांसही रुचले नाही. तेव्हा ब्रँड्स हॅच येथे एकाच नमुन्याच्या दोन रायली गाड्यांतून पाच फेऱ्या व गाड्यांची अदलाबदल करून पुन्हा पाच फेऱ्या झाल्या. एकूण वेळेत सीअर्स १.६ सेकंदांनी सरस ठरले.

साधने समान केल्यावाचून गुणांची पारख होत नाही. पालकांनीही मुलांची तुलना करण्यापूर्वी हे ध्यानी धरावे.