टाकायचं काय, आणि कुठे

लिबपीकॅप या पॅकेटं पकडणाऱ्या लायब्ररीवर पहिल्यांदा प्रोग्रॅम लिहिणारे बरेच जण सगळी पॅकेटं आपल्या कोडमध्ये ओढून घेतात आणि तिथे एकेक तपासत बसतात. प्रोग्रॅम चालतो, पण वर्दळीच्या लिंकवर पॅकेटं गळू लागतात. नको असलेलं पॅकेट किती लवकर टाकून देता येतं, यातच या लायब्ररीचं खरं बळ आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत टीसीपीडम्पसोबत ती घडली. स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३च्या यूझनिक्स परिषदेत मांडलेला बीपीएफ हा पॅकेट फिल्टर तिचा कणा. कर्नलमधून प्रोग्रॅमच्या मेमरीत पॅकेटची नक्कल करणं महागात पडतं, म्हणून त्यांनी चाळणी कर्नलमध्येच बसवली. जुन्या फिल्टरपेक्षा ती २० पटींपर्यंत वेगवान ठरली.

‘आयपी अँड यूडीपी डेस्टिनेशन पोर्ट ५३’ एवढं लिहिलं की लायब्ररी त्याचा छोटासा बाइटकोड बनवते. शून्यापासून मोजलं तर इथरनेट फ्रेमच्या १२व्या-१३व्या बाइटमध्ये हेक्समधलं ०८०० आहे का, म्हणजे आत आयपीव्ही४ आहे का? २३व्या बाइटमध्ये यूडीपीचा १७ आहे का? तुकड्यांत आलेल्या पॅकेटचा हा मागचा तुकडा तर नाही? त्यात पोर्टच नसतो. आयपी हेडरची लांबी ठरलेली नसते, म्हणून १४व्या बाइटचे खालचे चार बिट ४ने गुणायचे आणि तेवढं पुढे जाऊन पोर्ट वाचायचा. एका जागी जरी नकार आला, तरी पॅकेट तिथेच बाद. उड्या फक्त पुढेच मारता येतात, त्यामुळे फिल्टर कर्नलमध्ये गरगरत राहण्याची भीती नाही.

आता बहुतेक वाहतूक एन्क्रिप्टेड असते, मग पकडून मिळणार काय? आशय मिळत नाही, हे खरं. पण एसवायएनला उत्तर किती वेळात आलं, काय पुन्हा पाठवावं लागलं, विंडो शून्यावर कधी गेली, हे टीसीपी हेडरवरून कळतं, आणि संथ सेवेचं दुखणं पुष्कळदा तिथेच सापडतं. त्यासाठी पॅकेटचे सुरुवातीचे थोडे बाइट पुरतात, आणि लोकांचा मजकूरही साठवावा लागत नाही. याहून वजनदार आक्षेप असा, की टाकलेलं परत मिळत नाही. घुसखोरीच्या तपासात काय शोधायचं हेच ठाऊक नसतं. तिथे सगळं साठवणंच शहाणपणाचं. मात्र बफर भरला की पॅकेटं गळतातच, आणि कोणती गळावीत हे आपल्या हातात राहत नाही. कॅप्चर संपल्यावर पीकॅप-स्टॅट्समधला गळतीचा आकडा म्हणूनच आधी वाचावा. तो शून्य नसेल, तर त्या फाइलच्या आधारावर ‘पॅकेट आलंच नाही’ असं म्हणता येत नाही.