व्यवस्थापक कोणास म्हणावें?

(नभोवाणीवरील भाषण)



सिल्लोडच्या बाजारांत मिरचीचा सौदा होतो, तेव्हां मापाडी, पोतीं भरणारे हमाल, त्यांचा मुकादम आणि अडत्या असे अनेक जण तेथें हजर असतात. त्यांत कारभारी कोण, हें येथील माणसास विचारावें लागत नाहीं. परंतु ज्यानें हा बाजार कधीं पाहिलेला नाहीं, अशा सातासमुद्रांपलीकडील अंमलदारास केवळ कागदांवरून तें ठरवावयास सांगितलें, तर त्यानें काय पाहावें? वाळूज, शेंद्रा किंवा पुणें येथील कंपन्यांतून अमेरिकेंतील शाखेंत व्यवस्थापक म्हणून जाणाऱ्या आपल्या लोकांपुढें नेमका हाच प्रश्न असतो. त्याचा आज विचार करूं.

प्रथम कायदा पाहूं. कंपनीच्या परदेशांतील माणसास अमेरिकेंतील शाखेंत कांहीं वर्षांकरितां नेतां यावें, म्हणून तेथील सरकारनें १९७० सालीं ‘एल-१’ व्हिसा सुरू केला. पुढें १९९० च्या कायद्यानें बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या व्यवस्थापकांस कायमच्या वास्तव्यासाठीं पहिल्या पसंतीच्या वर्गांत जागा मिळाली, व ‘व्यवस्थापक’ या शब्दाची व्याख्याहि कायद्यांतच घालण्यांत आली. हा वर्ग मोलाचा आहे. त्या जागेसाठीं स्थानिक मनुष्य मिळत नाहीं, असें सिद्ध करण्याची अट यास नाहीं. शिवाय, दुसऱ्या पसंतीच्या वर्गांत भारतांत जन्मलेल्यांस दहा वर्षांहून अधिक काळ तिष्ठावें लागतें. पहिल्या वर्गाची रांग त्या मानानें पुष्कळच आंखूड आहे. मुलास एकवीस वर्षें पुरीं झालीं, कीं आईबापांच्या अर्जाचा आधार त्यास सामान्यतः उरत नाहीं. म्हणजे या एका निकालावर सबंध कुटुंबाची घडी अवलंबून असते.

आतां व्याख्या. तींत चार गोष्टी आहेत. पहिली, संस्था अथवा तिचें एकादें खातें, विभाग किंवा कार्य त्या मनुष्याच्या हातीं असावें. दुसरी, ज्यांच्यावर त्याची हुकमत चालते ते स्वतः देखरेख करणारे, व्यवस्थापक किंवा पदवीची पात्रता लागणाऱ्या व्यवसायांतले असावेत. अथवा संस्थेचें एकादें अत्यावश्यक कार्य त्याच्याकडे असावें. तिसरी, माणसें नेमण्याचा व काढण्याचा, निदान तशी शिफारस करण्याचा, अधिकार त्यास असावा. हाताखालीं थेट कोणी नसल्यास त्याचें स्थान वरिष्ठ असावें. चौथी, दैनंदिन कारभारांत त्याचा स्वतःचा निर्णय चालावा. या गोष्टी त्याच्या कामांत ‘मुख्यत्वेंकरून’ असाव्या लागतात, आणि सारा कस या एका शब्दांत आहे.

जिनिंगमधील मुकादमाचें उदाहरण घ्या. तो वीस मजुरांस कामास लावतो, त्यांची हजेरी घेतो, भांडणें मिटवितो. तरीहि या कायद्याच्या दृष्टीनें तो व्यवस्थापक नव्हे. मजुरांवर थेट देखरेख करणारा पहिल्या पायरीवरचा मनुष्य या व्याख्येंतून वगळलेला आहे. अभियंत्यांची तुकडी सांभाळणारा मात्र तींत बसूं शकतो. पण तोच दिवसभर स्वतः यंत्राचे आराखडे काढीत बसला, तर तोहि बाद होतो. पडेल तें काम अंगावर घेणारा मनुष्य आपण गुणी समजतों. या अर्जांत नेमका तोच गुण आडवा येतो. अंमलदार विचारतो: माल विकणें, हिशेब ठेवणें, गिऱ्हाइकांस उत्तरें देणें हीं कामें हा करीत नाहीं, तर कोण करतें? याचें उत्तर कागदांत नसेल, तर नांवापुढील मोठी पदवी निरुपयोगी ठरते.

मग लहान शाखेनें काय करावें? माणसांची संख्या मोजतांना संस्थेच्या वाजवी गरजा व तिच्या वाढीची अवस्था ध्यानांत घ्यावी, असें कायदाच सांगतो. परदेशांतील कचेरीची माणसें त्या व्यवस्थापकाच्या कामास हातभार लावीत असतील तर तेंहि विचारांत घ्यावें, असा निर्णय तेथील अपील कचेरीनें २०१६ सालीं दिला. २०१७ च्या दुसऱ्या एका निर्णयांत एकाद्या कार्याच्या व्यवस्थापकाची कसोटी ठरली: कार्य स्पष्ट असावें, संस्थेच्या गाभ्याचें असावें, त्यानें तें स्वतः करण्यापेक्षां मुख्यत्वें चालवावें, त्याचें स्थान वरिष्ठ असावें, व रोजचे निर्णय त्याचे असावेत.

पुराव्याचा भार अर्ज करणाऱ्या कंपनीवर असतो. संशयास जागाच उरूं नये, इतका कडक पुरावा मात्र लागत नाहीं; विधान खरें असण्याचा संभव अधिक आहे, एवढें दाखविलें म्हणजे पुरें. २०१० सालच्या एका निर्णयानें हें तत्त्व स्पष्ट केलें. पण ‘धोरण ठरवितो, देखरेख करतो’ अशा मोघम वाक्यांनीं पारडें झुकत नाहीं. कोणत्या कामास किती वेळ जातो, कोणता निर्णय घेतला, त्यावरून पुढें काय झालें, हें लिहावें. संस्थेच्या रचनेचा तक्ता, हाताखालच्यांचीं शिक्षणपत्रें व पगारपत्रकें, त्याच्या सहीचे वार्षिक अहवाल, मंजूर केलेलीं अंदाजपत्रकें जोडावीं. ज्या वेळीं काम झालें त्याच वेळचा कागद, मागाहून लिहिलेल्या दहा पत्रांहून बोलका असतो.

आणखी एका ठिकाणीं पुष्कळांची फसगत होते. विशेष ज्ञान असलेला तंत्रज्ञ म्हणून ‘एल-१’ व्हिसावर जातां येतें. परंतु कायमच्या वास्तव्याच्या या वर्गासाठीं परदेशांतील नोकरीचें निदान एक वर्ष व्यवस्थापकाचें अथवा संचालकाच्या अधिकाराचें असावें लागतें. तें वर्ष अमेरिकेंत गेल्यावर निर्माण करतां येत नाहीं. म्हणून येथें असतांनाच नेमणूकपत्र व अधिकारपत्र नीट जपून ठेवावें.

कागद सजविण्याचा मोह मात्र टाळावा. महत्त्वाच्या बाबतींत जाणूनबुजून खोटें विधान केल्यास त्या देशाचें दार जन्मभर बंद होऊं शकतें. बाजारांतील कारभारी आपल्या शब्दानें ओळखला जातो. परदेशांत तो शब्द कागदावर उमटावा लागतो, एवढाच फरक. शब्द खरा असला, तर त्याचा कागद जपणें कठीण नाहीं.