एका दांडूचा न्याय

परवा टीव्हीवर आयर्लंडमधला हर्लिंगचा सामना पाहिला. एका बाजूला १५ खेळाडू आणि प्रत्येकाच्या हातात टोकाशी चपटी, रुंद होत गेलेली लाकडी काठी. ॲश नावाच्या झाडाचा मुळाकडे वळणारा बुंधा तिच्यासाठी निवडतात. लाकडाचा तंतू काठीसारखाच वळलेला असला, की काठी सहसा मोडत नाही म्हणे. मला मात्र लालबागच्या चाळीतला माझा दांडू आठवला!

आमच्या दांडूसाठी झाड कोण निवडणार? मोडक्या खाटेचा पाय वडील कोयत्याने तासून देत. उरलेल्या तुकड्याची दोन्ही टोकांना निमुळती विटी. जमिनीत लांबट गल खणायची, तिच्यावर विटी आडवी ठेवून दांडूने कोलायची. मग टोकावर टोला देऊन ती उडवायची आणि हवेतच दूर टोलवायची.

पण दांडूचे खरे काम त्यानंतर. विटी पडलेल्या जागेपासून गलीपर्यंतचे अंतर दांडूनेच मोजायचे: वकट, लेंड, मूंड, नाल... तेलुगूतले एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, हे मोठेपणी कळले आणि गंमत वाटली.

दांडू आखूड, तर गुण जास्त. हे ध्यानात येताच मी माझा दांडू गुपचूप दोन बोटे कापला. चार दिवस जिंकलो, पाचव्या दिवशी पकडला गेलो. वाटले, आता मार बसणार. गिरणीतून आलेल्या वडिलांनी दांडू हातात घेऊन नुसता पाहिला आणि म्हणाले, "आजपासून दोन्ही बाजूंनी ह्याच दांडूने मोजायचं." माझी लबाडी जागच्या जागी फुकट गेली. मारापेक्षा ते जास्त लागले.

पुढे विटी डोळ्याला लागेल या धास्तीने आयांनी खेळ बंद पाडला. रबरी चेंडूचे क्रिकेट आले, अंगणात फरशी बसली. फरशीत गल कशी खणणार?

आयर्लंडमध्ये २०१२ साली ॲशवर बुरशीचा रोग आढळला. तिथे आता बांबूच्याही काठ्या करतात, पण खेळ सोडलेला नाही. आपल्याकडे लाकूड आहे, खाटेचे पायही आहेत. हरवली ती हातभर मोकळी माती.

तो आखूड दांडू अजून माळ्यावर आहे. कुणाशी हिशेबाचा वाद झाला, की तो आठवतो.