अंथरूण आणि जागेपण

निद्रानाश जडतो तो बहुधा परीक्षा, आजारपण, वियोग अशा एखाद्या निमित्ताने. परंतु ते निमित्त सरल्यावरही तो मुक्काम हलवीत नाही, याचे कारण बुडालेली झोप भरून काढावी म्हणून आपण लवकर अंथरुणावर पडतो, तेथे तळमळतो, आणि अंथरूण व जागेपण यांची सांगड मनात पक्की करून टाकतो. ही सांगड सोडविणारा बोधात्मक वर्तनोपचार आता मोबाइलवरील अ‍ॅपमधूनही मिळतो. रोज सकाळी झोपेची नोंद करावयाची. ८ तास पडून ६ च तास झोप लागत असेल, तर अंथरुणावरील मुदत ६ तासांचीच मुक्रर करावयाची, उठण्याची वेळ कायम राखावयाची, आणि त्या मुदतीचा ८५ ते ९० टक्के भाग झोपेत जाऊ लागला की ती थोडथोडी वाढवावयाची. हे प्रथमदर्शनी निष्ठुर वाटते, आणि पहिले काही दिवस खरोखरच जड जातात. अपस्माराच्या रुग्णाने तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून या वाटेस जाऊच नये.

ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील ३,७५५ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याच उपचाराच्या ‘स्लीपिओ’ या कार्यक्रमाने झोप तर सुधारलीच, शिवाय संशयग्रस्तता व भासही कमी झाले. २०२२ साली तेथील ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने झोपेच्या गोळ्यांना पर्याय म्हणून त्याची शिफारस केली. मला मात्र या उपचाराचे खरे मोल, निमित्त ताजे असते आणि सवय अद्याप रुजलेली नसते, त्या पहिल्या आठवड्यांतच अधिक वाटते.