जलरंगातलं शेत पाहताना

शेताचं चित्र दिसलं की ‘वा, काय सुंदर!’ म्हणून आपण पुढे सरकतो. थोडं थांबलो तर तेच चित्र बरंच काही सांगू लागतं. एक उदाहरण घेऊ या.

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग फेब्रुवारी १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल या गावी राहायला आला. जूनमध्ये सुगी सुरू झाली. गावाबाहेरच्या ला क्रोच्या सपाटीवरचं शेत त्यानं आधी शाई आणि जलरंगात रंगवलं, मग तेच दृश्य तैलरंगात केलं. तैलचित्र अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. आपण जलरंगातल्या चित्राकडे पाहू.

आधी क्षितिज शोधा. ते बरंच वर आहे. आभाळाच्या वाट्याला अरुंद पट्टी आणि बाकी सगळी जमीन. चित्रकाराला थोरवी कशाची वाटते, ते इथंच कळतं.

मग रंग. शेत पिवळं, दूरचे डोंगर निळसर. मध्ये हवेचा थर असला की डोंगर निळे दिसतात, हे सह्याद्रीकडे पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. पण या पिवळ्या शेताच्या मधोमध एक निळी गाडी उभी आहे. पिवळ्याशेजारी निळा आला की दोन्ही उजळतात. नजर आधी गाडीवर जाते आणि तिथून शेत ओलांडत डोंगरांपर्यंत पोचते.

तिसरी गोष्ट कागदाची. जलरंग पारदर्शक असतो. उजेड रंगातून आत जातो आणि कागदावरून परत येतो. म्हणून जलरंगात जिथं लख्ख ऊन हवं, तिथं बहुतेक चित्रकार कागद कोरा सोडतात. हे ऊन लावायचं नसतं, राखायचं असतं. कवितेतही दोन ओळींमधली मोकळी जागा अशीच राखावी लागते.

आता माणसं पाहा. एवढ्या मोठ्या शिवारात ती अगदी लहान आहेत. निसर्गापुढे माणूस किरकोळ, असा अर्थ कुणी काढेल. मला तसं वाटत नाही. कापलेलं पीक, रचलेल्या गंज्या, टेकवलेली शिडी, घातलेलं कुंपण, हे सगळं त्या लहानशा माणसांनीच केलेलं आहे. चेहरे दिसत नाहीत, पण त्यांचे हात चित्रभर आहेत.

अशा चित्राला आपण सहज ‘निसर्गचित्र’ म्हणतो आणि त्या एका शब्दात शेतकऱ्याचे कष्ट झाकून जातात. शेत आपोआप उगवत नाही. दिवाणखान्यात टांगलेलं शेत डोळ्यांना गारवा देतं, तेव्हा त्यात कुणाचा तरी घाम आहे, एवढी आठवण ठेवायला हवी.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांच्यासारख्या आपल्या चित्रकारांची जलरंगातली दृश्यं पाहतानाही हेच विचारावं: क्षितिज कुठं आहे? नजर कुठून कुठं जाते? कागद कुठं कोरा सोडलाय? आणि माणूस दिसत नसेल, तर त्याच्या हातच्या खुणा कुठं आहेत?